रेघोट्यांतलं ट्रॉय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात साय ट्वॉम्ब्ली या अमेरिकन चित्रकाराच्या 'फिफ्टी डेज अ‍ॅट इलियम' या चित्रमालिकेतल्या एका कॅनव्हासचा फोटो छापला होता आणि खाली जेमतेम दोन ओळी होत्या, की ही दहा चित्रं ग्रीक कवी होमरच्या इलियड या महाकाव्यावर आहेत, १९७८ साली पूर्ण झाली आणि आता फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये कायमची लावलेली आहेत. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं चिडून लिहिलीयत, काही कुतूहलाने, आणि मला दोन्ही मनापासून आवडली, कारण चित्र बघून राग येणं म्हणजे माणसाने ते नीट बघितलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते. ग्रीक म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर संगमरवरी पुतळे, मोठमोठे खांब, शिरस्त्राण घातलेले योद्धे येतात. तुम्ही छापलेल्या फोटोत यातलं काहीच नाही, तीन ढग आणि काहीतरी खरडलेलं. मग यात ग्रीक प्रभाव नेमका कुठे बघायचा?

त्या तीन ढगांपासूनच सुरुवात करू. तो मालिकेतला सगळ्यात मोठ्या कॅनव्हासपैकी एक, उंची साधारण ३ मीटर आणि रुंदी जवळजवळ ५ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटच्या हॉलची भिंत पुरणार नाही एवढा. फोटोत तो अगदीच बिचारा दिसतो हे खरंय. त्याचं नाव आहे 'अकिलीस, पॅट्रोक्लस आणि हेक्टर यांच्या छाया'. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की अकिलीसचा ढग लालभडक, रंग घासून घासून लावलेला, नंतर तो लाल विरत जातो आणि हेक्टरपाशी पोचेपर्यंत फिकट, करडा, जवळजवळ कॅनव्हासच्या पांढऱ्यात मिसळलेला. सोबत नावं, हाताने, थरथरत्या रेषेत लिहिलेली.

आता इलियडच्या तेविसाव्या सर्गात काय आहे बघा. अकिलीस हा ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा, हेक्टर ट्रॉयचा राजपुत्र. पॅट्रोक्लस हा अकिलीसचा जिवलग, तो लढाईत मेलाय, अजून त्याचं दहन झालेलं नाहीये. अकिलीस समुद्रकाठी थकून झोपलेला असताना पॅट्रोक्लसचा आत्मा त्याच्या स्वप्नात येतो आणि म्हणतो की मला लवकर अग्नी दे, आणि पुढे आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव. अकिलीस त्याला मिठी मारायला हात पुढे करतो आणि हाताला काहीच लागत नाही, तो आत्मा धुरासारखा जमिनीखाली निघून जातो. धुरासारखा, हा शब्द होमरचाच आहे. ग्रीकांच्या डोळ्यांसमोर मेलेला माणूस म्हणजे हेच होतं, आकार असलेला पण अंग नसलेला. मग ट्वॉम्ब्लीने तिथे पिळदार शरीराचे तीन योद्धे काढले असते तर ते ग्रीक दिसले असते, पण होमरने जे सांगितलंय ते त्यात उतरलं नसतं. माझ्या मते या तीन ढगांएवढं होमरच्या जवळ जाणारं चित्र गेल्या शंभर वर्षांत फार कमी जणांना जमलंय.

आणि एक गोष्ट बघा, पॅट्रोक्लसला मारलं हेक्टरने, हेक्टरला मारलं अकिलीसने, आणि अकिलीस तर इलियड संपतं तेव्हा जिवंतच असतो. तरी त्याची छाया इथे आहे. कारण हेक्टर मरता मरता त्याला सांगून जातो की तूही याच शहराच्या वेशीपाशी मरणार आहेस, माझा भाऊ पॅरिस आणि अपोलो देव तुला मारतील, आणि अकिलीसला ते आधीपासून माहितीय, त्याच्या आईने, थेटिसने, त्याला सांगितलेलं असतं. मारणारा आणि मेलेला एकाच रांगेत, एकाच उंचीवर, कोणी वर नाही कोणी खाली नाही. होमरचा हा जो समतोल आहे, शत्रूलाही तेवढंच माणूस मानणं, तो मला त्या कॅनव्हाससमोर पहिल्यांदा नीट कळला.

दुसरी जागा म्हणजे ती नावं. पुष्कळ जणांना नेमकी तीच खटकलीयत, की चित्रात नावं कशाला लिहायची, चित्र काढता येत नाही म्हणून का. पण ग्रीक मडक्यांवरची चित्रं जवळून बघितलीत तर तिथे सगळीकडे नावंच नावं आहेत! एक्झेकियास नावाचा अथेन्सचा कुंभार-चित्रकार होता, इसवी सनापूर्वी ५४० ते ५३० च्या आसपासचा, त्याचा एक सुंदर मोठा कुंभ व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर अकिलीस आणि अजॅक्स हे दोन ग्रीक योद्धे लढाईच्या मधल्या वेळात पटावर खेळत बसलेत, भाले खांद्याला टेकवलेले, दोघंही पुढे वाकलेले. दोघांच्या शेजारी त्यांची नावं लिहिलीयत आणि एवढंच नाही तर दोघांच्या तोंडातून बारीक अक्षरं बाहेर पडतायत, अकिलीस म्हणतोय 'चार' आणि अजॅक्स म्हणतोय 'तीन'. कोणाचं दान मोठं ते तिथेच कळतं. फ्लॉरेन्सला 'फ्रान्स्वा व्हास' म्हणून एक मडकं आहे, त्यावर २७० आकृत्या आणि १२१ लेख, माणसांची नावं तर आहेतच पण वस्तूंचीही नावं लिहिलीयत. तेव्हा चित्रात अक्षर घालणं ही काही विसाव्या शतकातली थट्टा नाही, ती अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक सवय आहे आणि ट्वॉम्ब्ली तिथूनच ती उचलतो. फक्त त्याने आकृती काढून टाकली आणि नाव ठेवलं.

तुमच्या वर्गातल्या मुलांना मडक्याचा आणि कॅनव्हासचा फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवा, काय वेगळं आहे ते सांगायच्या आधी काय सारखं आहे ते विचारा. मुलं बरोबर पकडतात.

प्रश्न: इलियड वाचलेलं नाही. वाचल्याशिवाय ही चित्रं कळणारच नसतील तर मग ती आमच्यासाठी नाहीत असं समजायचं का? – पुण्याहून एक वाचक

अजिबात नाही. गोष्ट पाच मिनिटांत सांगण्यासारखी आहे, सांगते.

ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं, पण इलियडमध्ये त्यातल्या दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नास-एक दिवस आहेत, मालिकेच्या नावातले पन्नास दिवस ते हेच. ग्रीकांचा सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस नावाची स्त्री हिसकावून घेतो, अकिलीस भडकतो, लढणार नाही म्हणून तंबूत जाऊन बसतो. ग्रीक मार खायला लागतात. शेवटी पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून लढायला जातो आणि हेक्टरच्या हातून मरतो. मग अकिलीसचा राग सगळा हेक्टरवर वळतो, तो त्याला मारतो, प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. आणि मग रात्री म्हातारा राजा प्रायम, हेक्टरचा बाप, एकटा शत्रूच्या तंबूत येतो, ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो आणि प्रेत मागतो. दोघंही रडतात. प्रेत मिळतं, हेक्टरचे अंत्यसंस्कार होतात आणि काव्य तिथेच संपतं. तो प्रसिद्ध लाकडी घोडा यात नाहीये, ट्रॉय पडल्याचंही यात नाहीये, बऱ्याच जणांना हे ऐकून आश्चर्य वाटतं.

एवढं माहीत असलं की पुरे. काव्याचा पहिला शब्दच 'राग' असा आहे, आणि 'अकिलीसचा सूड' या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की तो राग पोटात जाणवतो, त्याला सर्ग वाचावे लागत नाहीत. एकच उभा आकार आहे, इंग्रजी ए सारखा, वर निमुळता होत गेलेला, खाली पेन्सिलीच्या आणि करड्या रेषांचा गुंता आणि टोकाला लाल रंग, भाल्याचं पातं नुकतंच बाहेर काढल्यासारखं, तो लाल खाली ओघळलेलाही आहे. अकिलीसचं आद्याक्षरच शस्त्र झालंय. या मालिकेत ते अक्षर पुन्हा पुन्हा येतं, आणि ट्रॉयच्या 'इलियम' या नावाच्या स्पेलिंगमध्येही ट्वॉम्ब्लीने मुद्दाम ते घुसवलंय.

तो स्वतः अलेक्झांडर पोपचं अठराव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर वाचत होता, मूळ ग्रीक नाही. तेव्हा ग्रीक येत नाही म्हणून कोणी मागे राहायचं कारण नाही.

प्रश्न: मी जेजेला शिकतोय. आमच्याकडे ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टर कास्ट समोर ठेवून तासन् तास अँटिक ड्रॉइंग करायला लावायचे, एक नाक बसेपर्यंत जीव जायचा. आणि इथे एक माणूस 'अकिलीस' असं वेड्यावाकड्या अक्षरात लिहितो आणि तो म्हणे ग्रीक परंपरेचा वारस. हे मी पण करू शकतो. माफ करा पण मला हा अपमान वाटतो.

माफी कशाला, तुझा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून त्याला जास्त जागा देते.

पहिलं म्हणजे ट्वॉम्ब्लीला रेषा येत होती. तो १९२८ साली व्हर्जिनियातल्या लेक्झिंग्टनला जन्मला, बॉस्टन, न्यूयॉर्क आणि मग ब्लॅक माउंटन कॉलेज असं रीतसर शिकला, पुढे सैन्यात असताना सांकेतिक लिपीच्या विभागात काम केलं, आणि त्याच काळात रात्री दिवे बंद करून अंधारात ड्रॉइंग करायचा. मुद्दाम. हाताला लागलेली सफाई मोडायला. तुझा हात आता जी सफाई शिकतोय ती त्याने आधी कमावली आणि मग ती बाजूला ठेवायला शिकला, आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा सोपं नसतं, तू एकदा दिवा बंद करून तासभर बसून बघ म्हणजे कळेल, पहिली पंधरा मिनिटं हात जुनंच काढत राहतो.

दुसरं, 'हे मी पण करू शकतो' याची तपासणी करायचा एक साधा मार्ग आहे, कॅनव्हासच्या एका कोपऱ्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि कुठला थर आधी, कुठला नंतर हे ओळखायचा प्रयत्न करायचा. ही चित्रं तैलरंग, ऑइल क्रेयॉन आणि पेन्सिल अशी मिळून केलेली आहेत. 'अकिलीसची ढाल' म्हणून जो पहिला कॅनव्हास आहे त्यावर नजर ठेव. लांबून ते एक गरगर फिरणारं वर्तुळ. जवळून बघितलं की त्यात रेषा एकमेकींवरून किती वेळा गेल्यात, कुठे मेणकट क्रेयॉन घट्ट बसलाय, कुठे पांढऱ्या रंगाने खालचं झाकलंय आणि तरी ते आतून दिसतंय, हात कुठे जोरात फिरलाय आणि कुठे थांबलाय, सगळं वाचता येतं. पुसलेलं तो पूर्ण पुसत नाही. खाली राहिलेलं दिसू देतो.

आता ढालीचं होमरमध्ये काय आहे ते सांगते म्हणजे ते वर्तुळ का ते कळेल. पॅट्रोक्लसबरोबर अकिलीसचं चिलखत गेलेलं असतं, म्हणून अठराव्या सर्गात हेफेस्टस हा लोहार देव त्याच्यासाठी नवीन ढाल बनवतो आणि होमर लढाई बाजूला ठेवून शंभराहून जास्त ओळी त्या ढालीवरच्या नक्षीचं वर्णन करत बसतो. पृथ्वी, आकाश, समुद्र, सूर्य, चंद्र, तारे, दोन शहरं, एकात लग्नाची वरात आणि चौकात चाललेला खटला, दुसऱ्याला वेढा पडलेला, मग नांगरणी, कापणी, द्राक्षांची तोडणी, बैलावर झडप घालणारे सिंह, कुरण, नाचणारी मुलं-मुली, आणि कडेने सगळ्याला वेढून वाहणारी ओशन नदी. एवढं सगळं एका ढालीवर मावणं शक्य तरी आहे का? बऱ्याच चित्रकारांनी आणि धातूकाम करणाऱ्यांनी ती ढाल तंतोतंत बनवायचे प्रयत्न केलेत, फार कसबी कामं आहेत ती, पण बघताना माणूस प्रसंग मोजत बसतो. होमरचं वर्णन वाचताना तसं होत नाही, कारण तिथे ढाल तयार होत असते, घण पडत असतात, एकेक गोष्ट जन्माला येत असते. ट्वॉम्ब्लीने नेमकं ते घेतलं, घडत असलेलं जग, अजून थंड न झालेलं. मला विचारशील तर इथे तो सगळ्या हुबेहूब ढालींच्या पुढे जातो.

तिसरं. तुझा राग नवा नाही. १९६४ साली त्याने रोमन सम्राट कोमोडसवरची नऊ चित्रं न्यूयॉर्कला दाखवली तेव्हा समीक्षकांनी त्याला अक्षरशः झोडपलं. तीच चित्रं आज स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये आहेत. याचा अर्थ त्याचं प्रत्येक चित्र थोर असं मी म्हणणार नाही, काही कॅनव्हासवर प्राचीन देवाचं नाव आहे म्हणूनच आपण थांबतो, नाव काढून घेतलं तर फारसं उरत नाही, आणि तिथे तुझी शंका बरोबर आहे. पण इलियमच्या मालिकेला ती लागू होत नाही.

आणि अँटिक ड्रॉइंग सोडू नकोस रे. त्या प्लास्टरच्या नाकात जी शिस्त आहे तीही ग्रीकच आहे, ग्रीकांची एक बाजू. फक्त एक लक्षात ठेव, तो पांढरा रंग त्यांचा नाही. मूळ ग्रीक पुतळे रंगवलेले असायचे, केस, ओठ, कपड्यांचे काठ, सगळं, रंगाचे कण आजही काहींवर सापडतात. काळाच्या ओघात रंग गेला आणि युरोपने त्या पांढऱ्यालाच आदर्श मानलं, आणि तोच पांढरा साचा आगबोटीने मुंबईला आला. तू ज्याच्यासमोर बसून घाम गाळतोयस तोसुद्धा ग्रीकांचा जसाच्या तसा वारसा नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, आईबाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन फिलाडेल्फियाला जायचंय. लेख वाचून ही खोली बघायची इच्छा झालीय पण आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा. कसं बघावं?

जरूर जा. म्युझियमच्या पुढच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर मुलाला धावू दे, तो धावणारच, पण आईंना पायऱ्या चढवू नका, दुसऱ्या बाजूने विनापायऱ्यांचं प्रवेशद्वार आहे, तिथून लिफ्ट मिळते.

आत जायच्या आधी इमारत बाहेरून बघा. १९२८ साली उघडलेली आहे, म्हणजे ट्वॉम्ब्ली जन्मला तेच साल, आणि ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधलीय. तिच्या एका बाजूच्या छपराखालच्या त्रिकोणात ग्रीक देवदेवतांच्या रंगीत आकृत्या आहेत, भाजलेल्या मातीच्या, निळ्या, सोनेरी, तांबड्या. १९३० च्या दशकात पॉल जेनवाइन या शिल्पकाराने केलेल्या. वर जेजेच्या मुलाला सांगितलेली रंगीत ग्रीसची गोष्ट तिथे डोक्यावर बघायला मिळते, मुलाला त्यातला झ्यूस शोधायला सांगा, मधोमध आहे.

मग आत, आधुनिक कलेच्या विभागात, ट्वॉम्ब्लीची खोली. जायच्या आधी म्युझियमच्या वेबसाइटवर ती गॅलरी त्या दिवशी उघडी आहे ना ते बघा. ढालीचा कॅनव्हास बाहेरच्या छोट्या दालनात एकटा लावलाय, तिथे आधी थांबा, घाईने आत जाऊ नका. आत बाकीचे नऊ. एका बाजूच्या भिंतीवर ग्रीक आहेत, तिथे लाल आहे, धग आहे, अंगावर येणारं आहे, 'समोर येईल ते भस्म करणारी आग' हे चित्र तिथेच, आणि होमर चिडलेल्या योद्ध्याला वारंवार वणव्याची उपमा देतो ती इथे अक्षरशः पेटलेली दिसते. समोरच्या बाजूला ट्रॉयची माणसं, तिथे रंग थंड होत जातो, निळा, करडा, पांढरा. 'प्रायमचं घराणं' म्हणून एक कॅनव्हास आहे त्यात त्या घरातल्या माणसांची नावं, एकाखाली एक, आणि ज्याला गोष्ट माहितीय त्याला ठाऊक असतं की यातले बहुतेक मरणार आहेत नाहीतर गुलाम म्हणून नेले जाणार आहेत. तिथे मला फार वेळ उभं राहता येत नाही. 'चिरंतन रात्रीच्या छाया' तर जवळजवळ रिकामाच वाटतो आणि रात्र म्हणून काळा रंग शोधाल तर मिळणार नाही.

म्हणजे तुम्ही खोलीच्या मधोमध उभे राहिलात की दोन सैन्यांच्या मध्ये उभे राहता. हे फोटोत कधीच येत नाही आणि म्हणूनच ही दहा चित्रं विखुरली गेली नाहीत, म्युझियमने १९८९ साली एकत्र मिळवली, ही फार मोठी गोष्ट आहे.

मुलाला आधी वरची पाच मिनिटांची गोष्ट गाडीत सांगा. मग खोलीत गेल्यावर काही समजावू नका, फक्त विचारा की यातला अकिलीस कोण असेल. आईंना बसायला मिळालं तर ढगांच्या कॅनव्हाससमोर बसू द्या. आणि मुलाला चित्रापासून दोन हात लांब ठेवा, क्रेयॉनचं काम आहे, बोट लावायचा मोह होतो.

प्रश्न: भारतीय चित्रकारांनी ग्रीस असा घेतलाय का? आणि महाभारतावर असं काही झालंय का? – कोल्हापूर

ग्रीसवर म्हणाल तर मुंबईच्या अकबर पदमसींचं 'ग्रीक लँडस्केप' आठवतं, १९६० सालचं, करड्या रंगात, आडवं लांबलचक, ४ फुटांहून उंच आणि १२ फूट लांब. त्यात ना देव ना नाव, फक्त घरं, टेकड्या आणि करड्याच्या अगणित छटा. चित्रकार कृष्ण खन्नांनी ते तेव्हा हजार रुपयांना घेतलं होतं, २०१६ साली लिलावात ते १९ कोटींच्या वर गेलं. ट्वॉम्ब्लीला ग्रीसचे शब्द ओढत होते, पदमसींना तिथला प्रकाश आणि रचना. दोन्ही रस्ते खरे.

महाभारतावर हुसेन. पंढरपुरात जन्मलेला हा माणूस १९७१ साली ब्राझीलच्या साओ पाउलोच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाला महाभारताची मालिका घेऊन गेला, पिकासोबरोबर त्याला खास आमंत्रण होतं. त्यात माणसं आहेत, घोडे आहेत, हत्ती आहेत, शरीरं एकमेकांत घुसलेली आहेत. हुसेनला युद्ध शरीरातूनच दिसतं. पण स्त्रीपर्व आठवा, युद्ध संपल्यावर गांधारी रणभूमीवर उभी राहून एकेकाचं नाव घेत रडते, आपले आणि परके दोघांचेही. ते नुसत्या नावांमधून आणि रंगातून कोणी मांडलं तर? एखाद्या तरुण मराठी चित्रकाराने हे मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि कोणी घेतलं तर या सदरात त्याला जागा नक्की आहे.

प्रश्न: ट्वॉम्ब्लीच्या चित्राचं कुणीतरी चुंबन घेतलं होतं ते हेच का? – ठाण्याहून

नाही, ते वेगळं. २००७ साली फ्रान्समध्ये आविन्योंला प्रदर्शन होतं, तिथे एका बाईने लिपस्टिक लावलेल्या ओठांनी एका कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासचं चुंबन घेतलं आणि डाग पडला. गंमत म्हणजे ते चित्रही ग्रीकच होतं, प्लेटोच्या 'फिड्रस' या संवादावरचं, आणि तो संवाद आहे प्रेमाबद्दल. कोर्टात तिने हे प्रेमाने केलं असं सांगितलं. कोर्टाने तिला मालकाला हजार युरो, गॅलरीला पाचशे आणि खुद्द चित्रकाराला एक युरो द्यायला लावला, तो एक युरो त्याच्या बाजूने प्रतीक म्हणूनच मागितलेला होता. मला त्या बाईबद्दल राग नाही पण डाग काढणाऱ्या माणसांनी किती कष्ट घेतले असतील याचा विचार केला की मात्र वाईट वाटतं, लिपस्टिक काढणं फार चिवट काम आहे.

प्रश्न: पुढच्या महिन्यात पॅरिसला जातोय. तिथे त्याचं काही बघायला मिळेल का?

लूव्ह्र म्युझियममध्ये वर बघा. ग्रीक आणि रोमन ब्राँझच्या वस्तू ठेवल्यात त्या दालनाचं छत त्याने २०१० साली केलंय, मरायच्या आदल्या वर्षी, साडेतीनशे चौरस मीटरहून मोठं, गडद निळं, कडेला गोलाकार आणि वर सात ग्रीक शिल्पकारांची नावं ग्रीक लिपीत, फिडियास, मायरॉन, पॉलिक्लिटस, प्रॅक्सिटिलिस, स्कोपास, लिसिपस, केफिसोडोटस. खाली काचेच्या कपाटात हातभर उंचीच्या मूर्ती आणि वर ही नावं. २०२१ साली म्युझियमने खालच्या भिंतींचा रंग बदलून गडद लाल केला तेव्हा त्याच्या नावाच्या फाउंडेशनने कोर्टात धाव घेतली होती, कारण छताचा निळा आणि खालची खोली हे त्याने एकत्र मनात धरून केलं होतं. मान दुखेल, पण दालनाच्या मधोमध न थांबता आधी एका कोपऱ्यातून बघा, तिथून निळा जास्त खोल दिसतो.